एक सूची की दहा?

दहाव्या शतकातील कोशकार अल-जौहरी यांनी ‘अस्-सिहाह’ या अरबी कोशात शब्द लावले ते धातूच्या शेवटच्या अक्षरावरून. यमक शोधणाऱ्या कवीची त्यात मोठी सोय झाली. सूची लावताना कोण काय शोधणार, हे आधी ठरवावे लागते. संगणकातील माहितीसाठ्यांचा इतिहास वाचताना मला हा कोश आठवतो.

१९७० साली बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ‘बी-ट्री’ ही सूचीची रचना मांडली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मोठ्या सूचींच्या मांडणीबरोबर ‘देखभाल’ हा शब्द आहे. साठे फुगत गेले, तशी या देखभालीची अडचण वाढली.

आयबीएमने १९८३ मध्ये ‘डीबी२’ जाहीर केली. तिच्यात टेबल फार मोठे झाले की त्याचे विभाग पाडतात. नोंदींची भर पडून क्रम विस्कटतो, म्हणून मधूनमधून ‘रीऑर्ग’, म्हणजे फेरमांडणी करावी लागते. ती एकेका विभागाची करणे सोयीचे. पण घोडे अडते ते सूचीपाशी.

दहा खंडांचा ज्ञानकोश घ्या. सगळ्यांची मिळून एकच सूची असेल, तर शब्द चटकन सापडतो. पण चौथा खंड नव्याने जुळवला, पृष्ठांक बदलले, की त्या जाडजूड सूचीत विखुरलेले चौथ्या खंडाचे आकडे वेचून दुरुस्त करत बसा! प्रत्येक खंडाला स्वतंत्र सूची असली, तर एकच बदलावी लागते. मात्र शब्द कोणत्या खंडात आहे हे ठाऊक नसेल, तर दहा सूच्या चाळणे आले.

डीबी२मध्ये दुय्यम सूच्या वर्षानुवर्षे अखंडच असत. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीपासून टेबल वापरात असतानाच फेरमांडणी होऊ लागली खरी. पण एका विभागाचे काम संपता संपता, ‘बिल्ड२’ नावाच्या टप्प्यात, अखंड सूचीतले पत्ते दुरुस्त होईपर्यंत तो विभाग अडून राही. बँकेच्या खात्यांचे टेबल असेल, तर तेवढा वेळ खातेदारही ताटकळणार!

२००४ च्या आठव्या आवृत्तीने दुय्यम सूचीचेही विभाग पाडू दिले. दुरुस्ती सोपी झाली, पण विभागाचा पत्ता नसलेल्या प्रश्नाला दारोदार हिंडावे लागले. २००७ च्या नवव्या आवृत्तीत ‘बिल्ड२’ गेले. अखंड सूचीची आख्खी प्रत बाजूला तयार करून शेवटी अदलाबदल करायची, अशी रीत आली. अडवणूक टळली, पण लहानशा विभागापायी सगळी सूची पुन्हा लिहायची, हा खर्च मला तरी थोडा वाटत नाही.

ओरॅकलने हीच निवड १९९७ पासून ‘लोकल’ आणि ‘ग्लोबल’ या नावांनी पुढे ठेवली होती. तिच्या २०१३ च्या बाराव्या आवृत्तीत आणखी एक सोय झाली. विभाग काढून टाकला, तरी ग्लोबल सूचीतले त्याचे मृत पत्ते तसेच राहू द्यायचे, वाचताना ते वगळायचे आणि सवडीने झाडून काढायचे. ही झाडलोट त्या आवृत्तीत, वेगळे काही ठरवले नाही तर, रोज पहाटे दोनला होई.