पंचेचाळिशीच्या पुढचे गिअर

परवा अमेय येऊन गेला. अमेय म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, आणि शनिवार-रविवार सायकल. येताना नवी सायकल गाडीच्या टपावर बांधून आणली होती, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं होतं.

चहा झाल्यावर ओसरीत सायकल काढली आणि म्हणाला, "मावशी, जरा सीट उचलून धरतेस? गिअर लावायचेत."

मी धरली. त्याने एका हाताने पेडल फिरवायला सुरुवात केली, दुसऱ्या हाताने ब्रेकजवळचं एक बटण दाबलं. मागे कुठेतरी 'झ्यूं' असा बारीक आवाज झाला आणि चेन शेजारच्या चकतीवर जाऊन बसली. पुन्हा बटण, पुन्हा झ्यूं. मी विचारलं, वायर कुठंय? वायर नाहीच म्हणे. बटण दाबलं की बिनतारी संदेश जातो आणि मागची चिमुकली मोटर चेन ढकलते.

आता कामाचा भाग. आधी दोन स्क्रू, ते मात्र हातानेच पिळायचे. चेन एका टोकाला चाकाच्या तारांत जाऊ नये आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमवर आपटू नये म्हणून ते राखणदार. मग मागच्या यंत्रावरचं बटण दिव्याचा रंग बदलेपर्यंत दाबून धरायचं. त्यानंतर ब्रेकजवळचं बटण दाबलं की गिअर बदलत नाही, यंत्र केसभर सरकतं. चेन मधल्या चकतीवर ठेवून आतल्या बाजूला एकेक केस सरकवत न्यायचं. शेजारच्या मोठ्या चकतीला ती घासायला लागली की थांबायचं आणि मोजून काही केस मागे यायचं. "आवाज आला की सांग गं," म्हणाला. चाळीस वर्षं मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात गेलेल्या कानांना हे काय अवघड! पहिल्याच 'खर्र्'ला मी "थांब" म्हटलं. एक चकती जुळली की बाकीच्या आपोआप जुळतात, कारण मोटरला प्रत्येकीमधलं अंतर पाठ असतं.

इतिहास शिकवला असल्यामुळे मला एक खोड आहे. कुठलीही नवी वस्तू दिसली की हिच्यावर पहिल्यांदा कोण रागावलं होतं ते शोधायचं. अमेय कासला गेला तेव्हा मी हेच करत बसले, आणि सापडले ते गृहस्थ इतके चांगले सापडले की हा लेख लिहायला घेतला.

फ्रान्समध्ये सेंत-एतियेन नावाचं डोंगराळ भागातलं गाव आहे. तिथे पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) नावाचे गृहस्थ होते. आधी रेशमाचे व्यापारी, मग सायकलवेडे. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचे, सायकलींवर मासिक चालवायचे. चढाला हलका आणि उताराला जड असे वेगवेगळे गिअर सायकलला हवेत, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं आणि स्वतः चढ चढून दाखवलं.

त्यांच्या विरुद्ध बाजूला होते हेन्री देग्रांज. १९०३ मध्ये 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारे संपादक. खुर्चीत बसून बोलणारा माणूस नव्हे हा. १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवण्याचा विक्रम यांच्याच नावावर होता. सायकलपटूंच्या पुस्तकांत एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. १९०२ मध्ये फ्रान्समधल्या पर्यटन संस्थेने डोंगरातून सायकलींची चाचणी घेतली. त्यात मार्थ एस नावाची बाई गिअरच्या सायकलवर बसली आणि एकदाही खाली न उतरता सगळा चढ पार करून गेली, नामवंत गडी एकाच गिअरवर झगडत असताना. त्यावर देग्रांज यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा, की प्रयोग छान आहे, पण गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी. खऱ्या माणसाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं.

वाचून मी मोठ्यांदा हसले. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे!

देग्रांज यांनी शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारं यंत्र, येऊच दिलं नाही. मग स्पर्धक काय करायचे? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगळ्या दातांच्या चकत्या. चढ आला की उतरायचं, नट सोडवायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुढे निघायचं. आल्प्समध्ये, बर्फात, गारठलेल्या बोटांनी. तब्येतीमुळे देग्रांज १९३६ मध्ये शर्यतीच्या कामातून बाजूला झाले, आणि पुढच्याच वर्षी डिरेलरला परवानगी मिळाली. १९३७ ची शर्यत रॉजे लापेबी यांनी डिरेलरवर जिंकली. त्यानंतर ही फसवणूक आहे असं फारसं कोणी म्हणालं नाही. व्हेलोसिओ मात्र हे पाहायला नव्हते, १९३० मध्ये ट्रामच्या धडकेने ते गेले होते.

पुढची गोष्ट भराभर सांगते. बराच काळ गिअरची दांडी फ्रेमच्या खालच्या नळीवर असे. हँडलवरचा हात काढून, आवाजाचा अंदाज घेत ती सरकवावी लागे. जपानमधलं साकाई हे तलवारी, बंदुका आणि सुऱ्या घडवणाऱ्यांचं शहर. तिथे १९२१ मध्ये सुरू झालेल्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये 'खट्‌' झालं की गिअर बसला अशी सोय आणली. १९९० मध्ये दांडी ब्रेकमध्येच गेली. विजेचा पहिला गाजलेला प्रयत्न पुन्हा फ्रेंचांचाच. माव्हिक कंपनीचं 'झॅप' १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात शर्यतींत दिसलं. त्यातली युक्ती मला फार आवडली. बॅटरी नुसती इशारा करायची, ढकलण्याचं बळ धावत्या चेनकडूनच घ्यायचं. पण पावसात ते रुसायचं. १९९९ मध्ये त्यांनी बिनतारी 'मेक्ट्रॉनिक' आणलं, तेही टिकलं नाही. शिमानोचं 'डी-आय-टू' २००९ मध्ये बाजारात आलं आणि रुजलं. इटलीची काम्पान्योलो २०११ मध्ये आली, अमेरिकेच्या स्रॅमने २०१५ मध्ये पूर्ण बिनतारी संच दाखवला.

अमेय कासहून परतला तो माझे प्रश्न तयारच होते. मी म्हटलं, "वायर तुटली तर वाईच्या दुकानातही मिळेल. ही मोटर बंद पडली तर?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं (आता हे वाचून कळेल, रागावू नकोस गं). गेल्या वर्षी तीनशे किलोमीटरची 'ब्रेव्हे' होती. वीस तासांत पूर्ण करायची, तीही मूळची फ्रेंचांचीच प्रथा. रात्री खंबाटकीच्या पायथ्याशी गिअरची वायर तुटली. ती ब्रेकच्या खोबणीत आतल्या आत झिजते, बाहेरून दिसत नाही. वायर तुटली की यंत्रातली स्प्रिंग चेन सर्वांत लहान चकतीवर नेते, म्हणजे सर्वांत जड गिअर. पुढची लहान चकती होती म्हणून थोडं तरी चढला, मग सायकल ढकलत, ट्रकांच्या दिव्यांत, एकटा. वेळेत पोचला नाही. दुकान वाईला असलं तरी रात्री दोन वाजता बंदच असतं, मावशी, म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निवड त्याने अशी केली. स्रॅमची डावी कळ हलक्या गिअरला, उजवी जड गिअरला, दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चकती बदलते. प्रत्येक यंत्राला आपली सुटी बॅटरी, मागची संपली तर पुढची काढून तिथे लावता येते. शिमानोची एकच बॅटरी सीटच्या नळीत दडलेली. ती उतरू लागली की आधी पुढचे गिअर थांबतात, मागचे काही काळ चालतात, म्हणजे घरी पोचण्यापुरती सूचना मिळते. त्याने शिमानोचं '१०५' घेतलं, २०२२ मध्ये आलेलं, त्यांच्या वरच्या संचांपेक्षा स्वस्त. मला विचाराल तर सुटी बॅटरी बरी. विसराळू माणसाला चार्जिंगची आठवण कोण करणार? आणि बिनतारी म्हटलं की दुसराही ढवळाढवळ करू शकतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिमानोचा संदेश टिपून, तोच पुन्हा पाठवून दुसऱ्याचा गिअर बदलून दाखवला. कंपनीने त्यावर दुरुस्ती काढली म्हणे.

निघण्याआधी अमेयने फोनवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "मावशी, आता डाव्या हाताने दाब."

माझ्या बोटांना संधिवात आहे, उजव्या हाताला जास्त. डबा उघडायला शेजारणीला हाक मारते. २०१९ पासून माझी सायकल जिन्याखाली उभी आहे. गिअर नव्हतेच तिला. साताऱ्याचा चढ आला की उतरून ढकलायची, अशी तीस वर्षं शाळेत गेले. मधे अमेयने त्याची गिअरची सायकल चालवून पाहायला दिली होती, तेव्हा ती कळ अंगठ्याने ढकलली जाईना. "राहू दे, वय झालं," म्हणून परत केली होती. खरं तर त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

त्याने उजवीकडचं सगळं काम डाव्या बटणांवर वळवून ठेवलं होतं. दाबलं. झ्यूं. पुन्हा दाबलं. झ्यूं. उंदराच्या पावलाइतकाही जोर लागत नव्हता. ब्रेकही तेलाच्या दाबावरचा, दोन बोटांनी ओढला गेला. अमेय काही बोलला नाही. मीही नाही. मागचं चाक बराच वेळ फिरत राहिलं.

दिवाळीत येताना तो त्याच्या मित्राची कमी उंचीची, असल्याच गिअरची सायकल आणणार आहे. सकाळी सहाला, रहदारी सुरू होण्याआधी, आमच्या गल्लीतल्या गल्लीत. दांडी आडवी असल्यामुळे साडी चालणार नाही, एवढाच प्रश्न उरलाय. बहिणीला फोन करून जुना पंजाबी ड्रेस मागवलाय.