मद्यासक्ती

दारू पिण्यावरचा ताबा सुटून, शरीराची, संसाराची व मिळकतीची हानी डोळ्यांसमोर दिसत असतानाही पिणे चालूच राहते, त्या दीर्घकालीन विकारास मद्यासक्ती म्हणतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये तिला आजार म्हणून मान्यता दिली. तरीही बहुतेक भारतीय घरांत ती लाजेपोटी झाकली जाते आणि उपचार सुरू होण्याआधीच वर्षे वाया जातात.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (एम्स) केंद्र सरकारसाठी केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशातील १० ते ७५ वयोगटात १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आढळले. सुमारे २.९ कोटी लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले होते. परिणाम मात्र पिणाऱ्यापुरते राहत नाहीत, कारण बुडालेली मजुरी, मारहाण आणि मुलांची सुटलेली शाळा यांची झळ न पिणाऱ्यांनाच अधिक बसते.

दारूतील इथेनॉल मेंदूची उत्तेजना मंदावते. पिणे रोजचे झाले की मेंदू त्याला तोंड देण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. म्हणून तीच धुंदी येण्यास अधिक दारू लागते, आणि ती अचानक तुटली की ही वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. या वेळी दिसणाऱ्या त्रासांना वियोगलक्षणे म्हणतात. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच कपातला चहा बशीत सांडावा इतके हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, आणि सकाळीच उतारा म्हणून घेतलेल्या घोटाने हे सारे शमते, हीच व्यसन जडल्याची ठळक खूण होय. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना डिलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था येते, जिच्यात माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे दिसत असल्याचे सांगतो, ताप व नाडी चढते आणि उपचाराअभावी मृत्यूही ओढवतो. त्यामुळे जुन्या व्यसनी माणसाला शपथ घालून किंवा कोंडून एकाएकी दारू तोडायला लावणे हा घरोघरी चालणारा उपाय धोक्याचा आहे. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

वर्षानुवर्षे पिण्याने यकृतात आधी चरबी साठते, मग दाह होतो आणि शेवटी ते कठीण पडून सिऱ्होसिस होतो. थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तोल व स्मृती जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. स्वस्त हातभट्टीत मिथेनॉल मिसळले गेल्यास दृष्टी व प्राण दोन्ही जातात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून व गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. दुकान बंद करण्यासाठी राज्यात मतदानाचीही सोय असून, मतपत्रिकेवर उभ्या (दुकान चालू) व आडव्या (दुकान बंद) बाटलीचे चित्र असते. मात्र गावात स्त्रियांचे मतदान झाल्यास, बंदीसाठी प्रत्यक्ष झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदार स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मजुरीवर गेलेल्या, कामासाठी गाव सोडलेल्या बाईची गैरहजेरी अशा रीतीने दुकानाच्या बाजूने मोजली जाते, हा या नियमातील मोठा अन्याय होय.

बंदीने पुरवठा आटतो, आसक्ती नव्हे. तिच्यासाठी औषधे, समुपदेशन आणि १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमससारखे स्वमदत गट लागतात. पुण्यात अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने मराठी मुलखात ही वाट रुळवली. तरीही २०१९ च्या त्याच सर्वेक्षणानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळाले होते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेऊ शकलेला तर १८० जणांमागे एकच होता.