अमेरिकेतील गवताळ मैदाने आणि रानससा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ प्रदेश 'प्रेअरी' या नावाने ओळखला जातो. त्याच्या इतिहासात नांगर, रेल्वे व वसाहतकार यांचा वृत्तांत सविस्तर येतो. रानसशाचा उल्लेख मात्र बहुधा 'पिकांचा शत्रू' एवढाच असतो. हे शत्रुत्व निसर्गदत्त नसून मानवी व्यवहारांतून घडले, हे दर्शविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ स्थिती : येथील 'जॅकरॅबिट' हा बिळात राहणारा ससा नव्हे. तो उघड्या माळावर राहतो व त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पांढऱ्या शेपटीच्या रानसशाची नोंद लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेने १८०४ मध्ये केली. पूर्वेकडे पुरुषभर उंच बिग ब्लूस्टेम गवत, तर कोरड्या पश्चिमेकडे आखूड बफेलो ग्रास व ब्लू ग्रामा वाढत असे. या गवतांच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. कोयोट व गरुड यांच्यामुळे सशांच्या संख्येवर अंकुश राहत असे.

परिवर्तन : १८३७ मध्ये जॉन डियर यांनी पोलादी नांगर तयार केला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येकी १६० एकर जमीन देऊ केली. मूळ गवत नांगरले गेले, कोयोट मारण्यासाठी बक्षिसे लावली गेली. आखूड गवत व पिके मानवणारा काळ्या शेपटीचा रानससा उत्तरेकडे पसरला. १९३० च्या दशकातील दुष्काळात हे ससे उरल्यासुरल्या पिकांवर तुटून पडले. पश्चिम कॅन्ससमध्ये हजारो लोकांनी कडे करून ते कुंपणात हाकलले व दांडक्यांनी मारले. शेतकऱ्यांची हलाखी खरी होती. परंतु सशांच्या हत्येने माती थांबली नाही. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या प्रचंड वादळाने भरदिवसा अंधार केला. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा संमत झाला.

निष्कर्ष : ससा हे संकटाचे कारण नव्हते, लक्षण होते. मूळ कारण गवताच्या उच्चाटनात होते. उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज सुमारे ४ टक्क्यांहून कमी भाग शिल्लक असून, त्याच्या रक्षणार्थ १९९६ मध्ये कॅन्ससमध्ये राष्ट्रीय राखीव क्षेत्र स्थापन झाले. पांढऱ्या शेपटीचा रानससा मात्र आपल्या पूर्वीच्या अनेक प्रदेशांतून नाहीसा झाला आहे. एकाच भूमीत एक जात उपद्रवी ठरली, तर दुसरी दुर्मिळ झाली. या दोन्ही घटनांमागे नांगराच्या इतिहासाचा मोठा वाटा आहे.