डॅप्सोनचा पाडाव: वर्ध्यापासून दुर्गपर्यंत कुष्ठोपचाराचा इतिहास

औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा बहुधा क्षयरोगाच्या किंवा रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाच्या निमित्ताने होते. कुष्ठरोगात मात्र हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच उभा राहिला आणि त्यावर जिल्हाजिल्ह्यांत राबवता येईल असा उपायही सापडला. या इतिहासाचा मोठा भाग जुन्या मध्य प्रांतात घडला. नागपूर ही या प्रांताची राजधानी होती. वर्धा जसा त्यात होता, तसाच १९०६ साली रायपूर आणि बिलासपूरचे भाग तोडून केलेला दुर्ग जिल्हाही होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि वर्धा मुंबई राज्यात गेला, तर दुर्ग मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २००० साली दुर्ग छत्तीसगडमध्ये आला. 

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ साली दाखवून दिला. जंतू सापडला तरी औषध नव्हते. सुश्रुतसंहितेत तुवरकाच्या तेलाचा उल्लेख आहे. त्याच कुळातील कडू कवठाचे तेल कोकणात माहीत होते, आणि चौलमुग्रा या नावाने असेच तेल १८५४ नंतर पाश्चात्त्य वैद्यकातही शिरले. ते पोटात घेतले की मळमळे, टोचले की सूज येई, आणि गुण आला तरी तो क्वचित टिके. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुष्ठसेवा म्हणजे मुख्यतः आसरा, जखमांची मलमपट्टी आणि अन्न. मुंबईत महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला बेघर रुग्णांचे आश्रयस्थान सुरू झाले. पोवाड्यांचे संग्राहक म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले अ‍ॅक्वर्थ ते हेच. छत्तीसगडात मिशनऱ्यांनी १८९७ साली चांदखुरी येथे आणि १९०२ साली चांपा येथे कुष्ठधामे उभारली. १८९८ च्या कायद्याने फिरत्या, निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. उपचार हाती नसलेल्या काळाचे ते धोरण होते.

वर्ध्याने या सेवेला वेगळे वळण दिले. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्राम आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांची शुश्रूषा स्वतः केली. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती १९४० च्या दशकात उभी राहिली. बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत प्रशिक्षण घेतले होते. या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, म्हणून संशोधनासाठी ते स्वतःच्या शरीरात टोचून घेण्याची तयारीही त्यांनी दाखवली.

याच सुमारास औषध आले. अमेरिकेतील कारव्हिल येथे गाय फॅगेट यांनी १९४१ साली सल्फोन गटातील प्रोमिन रुग्णांना देऊन पाहिले आणि व्रण भरू लागले. मूळ रसायन डॅप्सोन हे गोळीच्या रूपात देता येते आणि स्वस्तही पडते, हे त्या दशकाच्या अखेरपर्यंत सिद्ध झाले. भारतात चेंगलपट्टू येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी सल्फोनवर काम केले. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना झाली. तेथे डॉ. र. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन कामांची सांगड घातली. रुग्णाने आश्रमात यायचे, ही जुनी रीत उलटी झाली. कार्यकर्ता घरोघर जाऊन अंगावरील बधिर चट्टे तपासू लागला आणि रुग्ण आपल्याच घरी राहून गोळी घेऊ लागला. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

डॅप्सोनच्या यशातच पुढच्या अपयशाची कारणे होती. जंतूंचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णाच्या शरीरात त्यांची संख्या हजारो कोटींच्या घरात जाते. एवढ्या मोठ्या संख्येत एखाद्या औषधाला मुळातच न जुमानणारे काही जंतू योगायोगाने असतातच. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि हे थोडे उरतात. कुष्ठाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे घेतो, त्यामुळे उरलेल्यांची वाढ रुग्णाला किंवा डॉक्टरला अनेक वर्षे जाणवत नाही. त्यात डॅप्सोन वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यायचे होते. अंगावर प्रतिक्रिया उमटेल या भीतीने मात्रा अनेकदा कमी ठेवली जाई आणि चट्टा फिका पडला की गोळ्या थांबत. मजुरीसाठी गाव बदलणाऱ्यांच्या बाबतीत खंड पडणे जवळपास ठरलेलेच होते.

संशय होता, पण पुरावा मिळवणे अवघड होते. इतर जंतू काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर औषध तपासता येते, कुष्ठाच्या जंतूला ती सोय नाही. १९६० साली चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात हा जंतू मर्यादित प्रमाणात वाढवून दाखवला आणि अडचण दूर झाली. १९६४ साली मलेशियातील सुंगाई बुलोह येथे पेटिट आणि रीस यांनी हीच पद्धत वापरली. उपचार चालू असूनही बिघडत गेलेल्या रुग्णांचे जंतू उंदरांना टोचून, त्या उंदरांना डॅप्सोन दिले. जंतू वाढतच राहिले. प्रतिरोध सिद्ध झाला. १९७० च्या दशकात पूर्वी कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांतही असे जंतू आढळले. म्हणजे ते आता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात होते.

नवी औषधे तोवर हाताशी आली होती. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने क्षयासाठी तयार केलेले क्लोफाझिमीन कुष्ठावर चालते, असे १९६२ साली नायजेरियातून कळवले गेले. ते जंतूंबरोबर दाहही आवरते, मात्र कातडी काळवंडते आणि त्यामुळे रुग्ण नाराज होत. रिफॅम्पिसिन हे त्याहून प्रभावी. त्याच्या एक-दोन मात्रांतच बहुसंख्य जंतू निकामी होतात. पण तेही एकटे दिले तर डॅप्सोनचीच गत झाली असती, आणि ते महाग होते.

येथे संशोधनाची दिशा बदलली. आणखी बलवान एकच औषध शोधण्याऐवजी निरनिराळ्या मार्गांनी मारणारी औषधे एकत्र देण्याचा विचार पुढे आला. १९७२ पासून माल्टा बेटावर एन्नो फ्रीर्कसेन यांनी रिफॅम्पिसिनसह अनेक औषधे एकत्र वापरली होती. एका औषधाला न जुमानणारा जंतू दुसऱ्यालाही न जुमानणारा असण्याची शक्यता अत्यल्प, हे या पद्धतीमागचे गणित. ऑक्टोबर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ठरावीक मात्रा सुचवल्या. जंतूंचे प्रमाण जास्त असलेल्यांना महिन्यातून एकदा कार्यकर्त्यासमोर ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि ३०० मिलिग्रॅम क्लोफाझिमीन, शिवाय रोज घरी डॅप्सोन आणि थोडे क्लोफाझिमीन, असा किमान दोन वर्षांचा क्रम होता. कमी जंतू असलेल्यांना रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन ही दोनच औषधे सहा महिने. महिन्यातून एकदाच्या मात्रेमुळे रिफॅम्पिसिन परवडण्याजोगे झाले आणि सर्वांत महत्त्वाची गोळी समोर गिळली जाते याची खात्रीही झाली.

भारतात एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने कुष्ठनिर्मूलनाचा आराखडा दिला आणि १९८३ साली नियंत्रण कार्यक्रमाचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. बहुविध औषधोपचार जिल्हा पातळीवर प्रथम राबवण्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत पश्चिम बंगालमधील पुरुलियाबरोबर वर्धा होता. वर्ध्यात तीन दशकांची घरोघरची नोंद आणि प्रशिक्षित कार्यकर्ते तयार होते. हे जाळे नसते तर महिन्याची मात्रा समोर देणे शक्यच नव्हते. पुढे टप्प्याटप्प्याने इतर जिल्हे घेतले गेले. डेन्मार्कच्या डॅनिडा संस्थेची मदत ज्या राज्यांना मिळाली, त्यांत मध्य प्रदेश होता. रायपूरच्या लालपूर भागातील प्रादेशिक कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्था छत्तीसगडच्या जिल्ह्यांसाठी मनुष्यबळ तयार करीत होती. मुंबईत डॉ. रा. गणपती यांनी १९७६ साली सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने झोपडपट्ट्यांत उपचार नेले. औषधे महिन्याच्या पाकिटांत बांधून येऊ लागली आणि १९९५ पासून ती जगभर मोफत मिळू लागली. मुदतही कमी झाली. जास्त जंतू असलेल्यांसाठी ती आधी चोवीस महिने आणि नंतर बारा महिने ठरली.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९८१ साली भारतात दर दहा हजारांमागे ५७.६ रुग्ण उपचाराखाली होते. डिसेंबर २००५ मध्ये हा आकडा ०.९५ वर आला आणि देशाने ‘एकापेक्षा कमी’ हे उद्दिष्ट गाठले. घटीचा काही भाग उपचाराची मुदत कमी झाल्याने नोंदीतून लवकर नावे कमी होण्याचाही आहे. छत्तीसगड तेव्हा या रेषेच्या वरच होता आणि त्यानंतरची बहुतेक वर्षे वरच राहिला. २०२३ साली जगात १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी १,०७,८५१ भारतातले.

लसीचा मार्गही महाराष्ट्रात शोधला गेला. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वि. रा. खानोलकर, कमल रणदिवे आणि चं. वि. बापट यांच्या काळात कुष्ठरुग्णापासून मिळालेल्या जंतूंचा संच वाढवला गेला आणि त्यावरून पुढे आयसीआरसी लस तयार झाली. दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष मो. द. गुप्ते आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडले. त्यात या लसीचे संरक्षण ६५.५ टक्के आढळले. तरीही ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही.

आता प्रश्न रिफॅम्पिसिनचा आहे. २००१ साली कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो नमुना मूळचा तमिळनाडूतला होता. जनुकसंच हाती आल्यामुळे उंदरावर वर्षभर थांबण्याऐवजी जनुकांत बदल झाला आहे का, हे काही दिवसांत तपासता येते. डॅप्सोनसाठी फोलपी-१, रिफॅम्पिसिनसाठी आरपीओबी आणि क्विनोलोन गटातील ऑफ्लोक्सासिनसाठी जायरए या जनुकांकडे पाहिले जाते. दिल्लीतील स्टॅन्ली ब्राउन प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात, आणि रिफॅम्पिसिनला न जुमानणारे जंतू भारतात आढळले आहेत. अशा रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली क्लोफाझिमीनसोबत मिनोसायक्लीन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा क्विनोलोन यांपैकी दोन औषधे सहा महिने आणि त्यानंतर क्लोफाझिमीनसह त्यांतील एक औषध अठरा महिने, असा क्रम सुचवला. बहुऔषधप्रतिरोधी क्षयासाठी आलेले बेडाक्विलीन ब्राझीलमध्ये नऊ कुष्ठरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि चार आठवड्यांतच त्यांच्या नमुन्यांतील जंतू उंदरात वाढेनासे झाले. टेलासेबेक हे दुसरे औषध उंदरांवरील प्रयोगांत एकाच मात्रेत प्रभावी ठरले आहे.

भारतात १ एप्रिल २०२५ पासून कमी जंतू असलेल्या रुग्णांनाही तिन्ही औषधे देण्याचे धोरण लागू झाले आहे. बेडाक्विलीन किंवा टेलासेबेक उद्या नित्य वापरात आले, तरी ते एकटे देऊन चालणार नाही. डॅप्सोन हे वाईट औषध नव्हते, आजही ते प्रत्येक पाकिटात आहे. ते हरले, कारण सुमारे तीन दशके त्याला एकट्याने लढवले गेले आणि त्याच्या मात्रेवर कोणाची नजर राहिली नाही.