मालाला भिंत, माणसाला भिंत

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. पुढच्याच महिन्यात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. या दोन बातम्या आपण वेगवेगळ्या वाचल्या. मला मात्र त्या सख्ख्या बहिणी वाटतात, आणि त्यांची वंशावळ जुनी आहे.

सतराव्या शतकाच्या शेवटी सुरत, कोरोमंडल आणि बंगालच्या सुती कापडाने इंग्लंडला वेड लावले होते. आपले रंगीत चीट स्वस्त, धुता येणारे आणि पक्क्या रंगाचे. तिथले लोकर-रेशीम विणणारे बेकार होऊ लागले. त्यांची भूक खरी होती. पण राग निघाला तो ग्राहकावर. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चीट फाडले. पार्लमेंटने १७०० मध्ये पूर्वेकडच्या छापील कापडाची आयात आधीच रोखली होती. १७२१ च्या कायद्याने तर ते वापरणेही बहुतांशी गुन्हा ठरवले.

याच काळात, १७१८ मध्ये, दुसरा कायदा आला: कुशल कारागिराने परदेशात जाऊन धंदा करायचा नाही. म्हणजे बाहेरचा माल आत नको आणि आतला हुन्नर बाहेर नको.

निष्पन्न काय झाले? लोकरवाल्यांसाठी उभ्या केलेल्या भिंतीच्या आडोशाला इंग्लंडचा सुती धंदाच वाढला. आणि १७८९ मध्ये सॅम्युअल स्लेटर नावाचा तरुण सूतगिरणीची विद्या डोक्यात साठवून गुपचूप अमेरिकेला निघून गेला. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे त्याने सूत कातणारी यंत्रे उभी केली. अमेरिकेच्या कापडधंद्याचा पाया असा कायदा मोडून आलेल्या परदेशी कारागिराने घातला! कारागिरांवरची बंदी शेवटी १८२४ मध्ये उठली.

पुढे अमेरिकेनेही तोच मार्ग धरला. १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी आशियातल्या माणसांना दार बंद झाले, १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने मालावरचे कर वाढले. इतर देशांनी उलट कर लावले आणि आधीच मंदीत सापडलेला जगाचा व्यापार आणखी आटला. माणसांचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ मध्ये. १९९० मध्ये एच-१बी आला, आणि त्याचा सर्वाधिक लाभ भारतीयांनी घेतला.

भिवंडी-मालेगावच्या कितीतरी घरांत बाप यंत्रमागावर आणि मुलगा कॉम्प्युटरवर, असे चित्र आपण पाहतो. मागावर विणलेल्या कापडाची किंमत जशी दूरच्या बाजारात ठरते, तशीच या मुलाच्या पदवीचीही. एक लाख डॉलर बडी कंपनी कदाचित भरेल. कर्ज काढून शिकलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलासाठी कोण भरणार? भिंतीचा खर्च नेहमी शेवटच्या माणसाच्या खात्यावर पडतो.

म्हणून मी मुलांना सांगतो, व्हिसाची वाट जरूर पाहा, पण आयुष्य त्याच्यावर टांगून ठेवू नका. दार कुणाचेही असो, कडी दुसऱ्याच्या हातात असते. डोक्यातला हुन्नर तेवढा आपला. त्याच्यावर जकात बसवणे १७१८ च्या इंग्लंडलाही जमले नाही.