दरवाजा कोणी उघडावा?

हिरकणीची गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. रायगडावर दूध विकावयास गेलेली गवळण. सांज झाली, गडाचे दरवाजे बंद झाले, आणि पहारेकरी काही केल्या दार उघडीनात. घरी तान्हे मूल. अखेर ती माउली काळोखात कडा उतरून खाली गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचे कौतुक केले आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे ही आख्यायिका सांगते. ती कितपत खरी, हा वाद आज बाजूला ठेवू. तिच्यातले मर्म तेवढे पाहा. पहारेकऱ्यांचा नियम खोटा नव्हता, आणि आईची गरजही खोटी नव्हती. नियम आणि गरज यांची अशी गाठ पडली म्हणजे माणूस कडा शोधतो. पण एक जण जेथून उतरला, तेथून उद्या गनीमही चढू शकतो.

मंडळी, आज मला अशाच एका दरवाजाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो जेमतेम तीस वर्षांचा आहे, आणि तो दरवाजा तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेत वेबची कल्पना मांडली. सुरुवातीची वेबपाने म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावरच्या नोटिसा. वाचावयाच्या आणि पुढे जावयाचे, झालं. पुढे 1994 साली नेटस्केप कंपनीने 'कुकी' आणली. कुकी म्हणजे ओळखीची चिठ्ठी. एकदा तुम्ही नाव सांगून आत गेलात की संकेतस्थळ ती चिठ्ठी तुमच्या ब्राउझरजवळ ठेवते, आणि पुढच्या खेपेस ब्राउझर ती आपण होऊन दाखवितो. त्यानंतर 1995 साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, आणि निर्जीव पान हालचाल करू लागले.

आता या दोन गोष्टी एकत्र आणून पाहा. तुमच्या ब्राउझरमध्ये एकीकडे बँकेचे पान उघडे आहे आणि दुसरीकडे कुणा अनोळखी माणसाचे. त्या अनोळखी पानातल्या जावास्क्रिप्टने हळूच बँकेकडे निरोप धाडला, "शिल्लक किती ते सांगा." ब्राउझरने सवयीप्रमाणे तुमची चिठ्ठी जोडली. बँकेला वाटले, तुम्हीच विचारता आहात! तुमच्या नावाने, तुमच्या नकळत, तुमचे खातेपुस्तक परक्याच्या हाती गेले असते.

हा धोका ओळखून नेटस्केपने जावास्क्रिप्टपाठोपाठच एक नियम घातला. पान ज्या ठिकाणचे असेल, त्याच ठिकाणची माहिती त्याने वाचावी. ठिकाण म्हणजे काय, तर तीन गोष्टी: एचटीटीपी की एचटीटीपीएस ही पद्धत, संकेतस्थळाचे नाव आणि पोर्टचा क्रमांक. तिन्ही जुळल्या तर घरचे. एक जरी बदलली तरी परके. आणि हे नीट ध्यानात घ्या, की हा पहारेकरी बँकेच्या दारात उभा नाही. तो तुमच्या ब्राउझरमध्ये उभा आहे. तो कित्येकदा निरोप जाऊ देतो, पण आलेले उत्तर परक्या पानाला वाचू देत नाही.

नियम चांगला होता, पण गरज वाढत गेली. मायक्रोसॉफ्टने 1999 साली इंटरनेट एक्स्प्लोरर 5 मध्ये अशी सोय केली, की सारे पान पुन्हा न आणता हवी तेवढीच माहिती मागविता यावी. मग एकाच्या पानावर दुसऱ्याचा नकाशा, तिसऱ्याचे हवामान, चौथ्याचे बाजारभाव असावेत असे लोकांना वाटू लागले. दोन्हीकडचे मालक राजी असत, तरी पहारेकरी वाचू देईना.

मग लोकांनी कडा शोधला! माहिती वाचण्यावर बंदी होती, पण दुसऱ्या ठिकाणची जावास्क्रिप्ट आणून आपल्या पानात चालविण्यावर बंदी नव्हती. तेव्हा माहितीलाच जावास्क्रिप्टचा वेष चढवून आणावयाची, ही ती युक्ती. डिसेंबर 2005 मध्ये बॉब इपोलिटो यांनी तिची रीतसर मांडणी करून तिला 'जेसनपी' हे नाव दिले. काम झाले, पण कोणत्या किमतीला? शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावयास जावे, आणि साखरेबरोबर शेजाऱ्याच्या माणसालाच घरात घेऊन सगळ्या किल्ल्या त्याच्या हाती द्याव्यात, तसे ते होते. शेजारी सज्जन असेपर्यंत सारे ठीक.

खरा उपाय निघाला तो मात्र निराळ्याच दिशेने, आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना त्याची गंमत वाटेल. तो निघाला आवाजाच्या दुनियेतून! टेलमी नेटवर्क्स ही कंपनी टेलिफोनवर बोलून माहिती मिळविण्याच्या सोयी तयार करीत असे. तिच्या मॅट ऑश्री, ब्रॅड पोर्टर आणि मायकेल बोडेल यांनी मार्च 2004 मध्ये 'व्हॉइस एक्सएमएल' या भाषेसाठी एक सूचना केली. माहिती कुणी वाचावी हे माहितीच्या मालकानेच लिहून ठेवावे, आणि पहारेकऱ्याने ते वाचून निर्णय घ्यावा, असा तिचा आशय होता. ही सूचना टेलिफोनपुरती राहिली नाही. वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने मे 2006 मध्ये तिचा पहिला मसुदा काढला. 2009 साली तिला 'क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग', थोडक्यात 'कॉर्स', हे नाव मिळाले, आणि जानेवारी 2014 मध्ये तिला संस्थेची मान्यता मिळाली. एवढीशी गोष्ट पक्की व्हावयास दहा वर्षे गेली.

जुन्या मराठी दप्तरांत 'दस्तक' हा शब्द येतो. दस्तक म्हणजे परवाना. कॉर्स हे तसले दस्तक आहे. ब्राउझर निरोपासोबत कळवितो, "अमुक ठिकाणचे पान विचारीत आहे." माहितीचा सर्व्हर उत्तरात 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन' अशी ओळ लिहून परवानगी कुणाला आहे ते सांगतो. नाव जुळले तर ब्राउझर उत्तर पानाच्या हाती देतो, नाही तर अडवून ठेवतो. काही खोडण्याबदलण्याचे काम असेल, तर ब्राउझर आधी 'ऑप्शन्स' नावाचा वेगळा निरोप धाडून विचारून घेतो. त्या ओळीत नावाऐवजी नुसती फुली, म्हणजे तारा, लिहिला तर 'आओ जाओ घर तुम्हारा'! बाजारभाव किंवा हवामान यांसारख्या सर्वांसाठी असलेल्या माहितीला तो तारा शोभतो. पण जेथे ओळखीची चिठ्ठी लागते, तेथे ब्राउझर तारा मानीतच नाही.

येथेच माणसे चुकतात. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने ग्रंथालयासाठी पान तयार केले. पान एका नावाच्या पत्त्यावर, विद्यार्थ्यांची माहिती दुसऱ्याच नावाच्या पत्त्यावर. पडद्यावर लाल अक्षरांत अडवणुकीचा संदेश आला. त्याने तारा लिहून पाहिला, चालेना. मग त्याने असे केले, की जो विचारील त्याचेच नाव परवान्यात लिहून द्यावयाचे. "सर, चाललं!" तो आनंदाने म्हणाला. संगणक शिकविणारे आमचे एक सहकारी जवळच होते. ते म्हणाले, "अरे, जो येईल त्याला नाव विचारायचं आणि त्याच नावाचं दस्तक हातात द्यायचं, तर मग पहारा कशाला ठेवलास?" पोरगा ओशाळला. त्याने विश्वासाच्या दोनच पत्त्यांची यादी केली आणि पुरे नाव ताडून पाहण्याची व्यवस्था केली.

ही चूक पोरासोरांचीच नव्हे. जेम्स केटल या संशोधकाने 2016 साली दाखवून दिले, की पैशांचे व्यवहार करणारी संकेतस्थळेसुद्धा हेच करीत होती. काही जण तर नावाचे नुसते शेपूट पाहत. 'शाळा' चालते, म्हणून 'खोटीशाळा'ही चालली!

शिक्षकबंधूंनो, आज शाळेची हजेरी, मुलांचे गुण, शेतकऱ्याचे खाते हे सारे अशाच दारांमागे आहे. तेव्हा दोन गोष्टी ध्यानी ठेवा. पहारेकरी वाचकाच्या ब्राउझरमध्ये आहे. ब्राउझर टाळून थेट सर्व्हरकडे येणाऱ्याला तो अडवू शकत नाही, म्हणून सर्व्हरने आपली तपासणी सोडता कामा नये. आणि दुसरी, लाल अक्षरे दिसली की रागावू नका. त्या वेळी तो पहारेकरी कुणाच्या तरी लेकराची माहिती राखीत असतो. त्याला हटवू नका, योग्य माणसाचे नाव त्याला लिहून द्या. हिरकणीला कडा उतरावा लागू नये आणि गनिमाला तो चढता येऊ नये, एवढ्यासाठीच तर दरवाजा असतो.