थ्रेड : गाडीची बॅटरी, व्होल्टमीटर आणि ओम यांचा नियम

१/ पुण्यात १३ मार्च १८०० रोजी नाना फडणविसांचे निधन झाले. त्यानंतर सातच दिवसांनी, २० मार्चला, इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी पत्र लिहून आपला विद्युत-स्तंभ जाहीर केला. ही जगातील पहिली बॅटरी.

२/ १८२७ मध्ये गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने विद्युतदाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते मांडले. मायदेशी त्यांची उपेक्षा झाली. रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले.

३/ लोकमान्य टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले. ते तीन वर्षांचे असताना, १८५९ मध्ये, फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी घडवली. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ‘व्होल्ट’ या एककास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

४/ १९१० मध्ये रत्नागिरीत थिबा राजवाडा उभा राहिला. दोनच वर्षांनी अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर बसला. तोवर इंजिन हँडलने फिरवावे लागे. उलट झटक्याने हात मोडत. आता ते कष्ट बॅटरीकडे आले.

५/ आज रत्नागिरीत सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, तेव्हा ‘बॅटरी गेली’ असा निकाल चटकन दिला जातो आणि हजारो रुपये खर्च होतात. पण खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढतो. दोष तिथेही असू शकतो.

६/ आधी बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा. चार्ज पूर्ण असूनही सेल्फ मारताना दाब ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी दुबळी.

७/ मग जोडणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरे त्यावरच्या केबलच्या टर्मिनलवर. प्रवाह नसताना मीटर शून्यच दाखवील, थर कितीही असो. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टहून अधिक आले, तर जोडणी सदोष. ऋण खुंट ते इंजिन असे अर्थिंगही तपासावे.

८/ हाच ओम यांचा नियम : १५० अँपियर आणि ०.०१ ओम रोध, म्हणजे १.५ व्होल्ट वाटेतच गेले. प्रवाह वाहू लागला की लपलेला रोध उघडा पडतो. उपेक्षित शिक्षकाचे ते सूत्र आज चांगली बॅटरी भंगारात जाण्यापासून वाचवते.